ज्याचा ऊस, त्याचा कारखाना

ज्वारीला थांबता येते. ज्वारी मळली, पोत्यात भरली, की ती घरात राहते. भाव पडला असेल तर शेतकरी म्हणतो, "राहू द्या. आखाडात बघू." कापसाचेही तसेच. घरात जागा असेल तर कापूस चार महिने पडून राहतो.

उसाला थांबता येत नाही. ऊस एकदा तोडला की त्याची गोडी उतरू लागते. आज तोडला तर उद्या गाळला पाहिजे. दोन-तीन दिवस उन्हात पडला तर त्याचे वजन घटते, आणि आतली साखरही घटते. शिवाय ऊस जड. चांगल्या रानात एकरी चाळीस टन ऊस निघतो. एवढे ओझे गाडीत घालून वीस-पंचवीस कोस कुठे नेणार? नेला तरी भाड्यातच सारे जाणार. म्हणजे ऊसवाल्याला थांबता येत नाही, आणि लांबही जाता येत नाही. जवळ जो कोणी ऊस गाळणारा असेल, त्याच्याच दारात उभे राहावे लागते.

ही गोष्ट साधी आहे. पण आम्ही पुढे जी हकीकत सांगणार आहोत, ती सगळी या एका गोष्टीवर उभी आहे. ज्याच्या हाती चरक, त्याच्या हाती ऊसवाला. मग चरक कोणाच्या हाती असावा? नगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठच्या शेतकऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर १९५० साली दिले. (त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. पण ही हकीकत जुनी, म्हणून इथे जुनेच नाव घेतो.)

पाणी आले, पैसा आला नाही

प्रवरा नदी सह्याद्रीत रतनगडाजवळ उगम पावते. अकोले तालुक्यात भंडारदरा येथे तिच्यावर धरण आहे. या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. या कालव्यांनी खालच्या कोरड्या मुलखात पाणी नेले.

त्याआधी हा मुलूख बाजरी-ज्वारीचा. पाऊस आला तर पीक, नाही तर दुष्काळ. कालवा आल्यावर माणसांनी ऊस लावला. आता तुम्ही म्हणाल, मग काय, शेतकरी सुखी झाला असेल. तसे झाले नाही.

ऊस हे भांडवलाचे पीक आहे. बेणे पाहिजे, पेंड पाहिजे, खत पाहिजे, खुरपणीला माणूस पाहिजे. सरकारची पाणीपट्टी भरली पाहिजे. आणि पीक हाती यायला वर्ष लागते. आडसाली ऊस तर दीड वर्ष रानात उभा असतो. तोवर घरात खायचे काय आणि रानात घालायचे काय? पैसा सावकाराकडून यायचा, नाही तर गुळाच्या अडत्याकडून. अडत्या पैसे देई, पण एक अट घाली : गूळ माझ्याच दुकानी आणायचा.

तेव्हा बहुतेक उसाचा गूळच होई. मळ्यात गुऱ्हाळ लागे. बैल चरकाभोवती फिरत. रस काहिलीत पडे. खाली चुलाण धडधडे. गुळव्या रसावरची मळी काढी आणि पाक कधी उतरायचा ते ठरवी. त्याचा अंदाज थोडा चुकला की गूळ काळा पडे, नाही तर चिकट राही. गुऱ्हाळ चाले तोवर शिवारात जत्रेसारखी गर्दी. पोरे रस पीत, काकवी खात. वाटसरूलाही कोणी तसाच जाऊ देत नसे. पण ढेपा बाजारात गेल्या की खरी गंमत सुरू होई, आणि ती दुसऱ्याची असे.

अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांचा हात धरीत आणि बोटे दाबीत. बोटांच्या खुणेने भाव ठरे. मालाचा धनी शेजारी उभा असे, पण काय ठरले ते त्याला कळत नसे. मग तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय अशा नाना वजावटी होत. त्यातून जुने कर्ज वळते होई. उरलेले चार पैसे धोतराच्या सोग्यात बांधून तो घरी येई. पुढे १९३९ साली मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांसाठी कायदा झाला. बाजार समित्या निघाल्या, आणि रुमालाखालचा व्यवहार हळूहळू मोडत गेला. पण आपण ज्या काळाविषयी बोलतो आहोत, तेव्हा तो चालू होता.

अशात १९३० च्या सुमारास साऱ्या जगात मंदी आली. गुळाचा भाव कोसळला. कर्ज मात्र तेवढेच राहिले.

कंपन्या आल्या

१९३२ साली सरकारने एक कायदा केला. बाहेरून येणाऱ्या साखरेवर जबर जकात बसवली. त्यामुळे देशात साखर कारखाने काढणे फायद्याचे झाले. गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर खाजगी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले किंवा वाढले.

या कंपन्या शेतकऱ्यांचा ऊस थोडाच घेत. त्यांनी निराळी रीत काढली. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडून त्या जमीनच खंडाने घेत. वर्षानुवर्षांचा करार होई. खंडाची रक्कम ठरलेली. त्या जमिनीवर कंपनी स्वतःचा ऊस लावी. कंपनीकडे ट्रॅक्टर होते, नोकर होते, खत घ्यायला पैसा होता. ऊस जोमाने येई.

आणि जमिनीचा धनी? तो बांधावर उभा राहून तो ऊस पाही. कित्येकांनी त्याच जमिनीवर मजुरी केली. सातबाऱ्यावर नाव आपले, आणि रोजंदारी मात्र कंपनीची!

कंपन्यांना दोष द्यावा तेवढा थोडा, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. धंदा करणारा आपला फायदा पाहणारच. कारखाना चालवायला काय लागते, हे या मुलखाला त्यांच्यामुळेच प्रथम कळले. जमीन तीच, पाणी तेच. मग कंपनीच्या हाती गेल्यावर तिच्यातून सोने निघते आणि आपल्या हाती असताना कर्ज निघते, हे कसे? हा प्रश्न शहाण्या शेतकऱ्याच्या मनात आल्यावाचून राहीना.

लोणीची सोसायटी

हा प्रश्न ज्यांच्या मनात फार आधीपासून होता, त्यांत लोणी गावचे विठ्ठलराव विखे पाटील हे एक. त्यांचा जन्म १८९७ सालचा. ते स्वतः शेतकरी. त्यांची शाळा फार झालेली नव्हती. पण हिशेब त्यांना उत्तम कळे. कर्जाने माणसे कशी मोडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

कर्जाचे दुखणे या भागात जुनेच. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर धाव घेतली. त्यांना मुख्यतः रोखे पाहिजे होते. मिळतील तेवढे कर्जरोखे त्यांनी जाळले. ते लोण नगर जिल्ह्यातही पसरले. मग १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. कायद्याने सावकाराचा हात आखडला. पण पेरणीला पैसा कोण देणार? तो प्रश्न तसाच राहिला. शेवटी १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. गावातल्या माणसांनी एकत्र यावे, थोडे थोडे भांडवल जमवावे, एकमेकांना जामीन राहावे, आणि त्या पतीवर कमी व्याजाने कर्ज घ्यावे, अशी ही योजना. आपण तिला साध्या भाषेत सोसायटी म्हणतो.

विखे पाटलांनी १९२३ साली लोणी बुद्रुकला अशी सोसायटी काढली. अशा गावसोसायट्यांत तेव्हा एकाचे कर्ज थकले तर त्याचा भार सगळ्यांवर येई. त्यामुळे कोण कशासाठी कर्ज घेतो, यावर साऱ्या गावाची नजर असे. लग्नाच्या वाजंत्रीला म्हणून कोणी बैलाच्या नावाने पैसे उचलले, तर शेजारीच विचारी, "का हो पाटील, बैल कुठं दिसंना?" विनोद सोडा. पण या सवयीचा पुढे फार उपयोग झाला. दहा घरांनी एकमेकांचा हिशेब पाहायचा, उघड बोलायचे, आणि तरी भांडून वेगळे व्हायचे नाही, ही सवय कारखान्याच्या यंत्रापेक्षा महाग आहे. यंत्र विकत मिळते. ही सवय वर्षानुवर्षे लागावी लागते. लोणीला ती बावीस वर्षे आधी लागू लागली होती.

बेलापूरची परिषद

१९४५ सालच्या डिसेंबरात बेलापूर येथे कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली. हे बेलापूर नगर जिल्ह्यातले, मुंबईजवळचे नव्हे. परिषदेचे अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुख. मोठे विद्वान. शेतकऱ्यांनी आपल्या मालकीचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार इथे पक्का झाला.

आज हे वाचताना सोपे वाटते. तुम्ही-आम्ही त्या वेळी तिथे असतो तर काय म्हणालो असतो? "कारखाना काय गुऱ्हाळ हाय व्हय? लाखो रुपयांचं काम. आपल्या अंगावर धड बंडी न्हाई. शेअरचे पैसे बुडाले तर कुणाला धरायचं? आन् उद्या कर्जापायी जमिनी लिलावात निघाल्या म्हंजे?" असेच काही म्हणालो असतो. आणि ही भीती खोटी नव्हती. ज्याने आयुष्यभर कागदावर अंगठा उठवून मारच खाल्ला, तो आणखी एका कागदावर अंगठा उठवताना दहा वेळा विचार करणारच.

म्हणून विखे पाटील आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरले. माणसांना बसवून समजावले. एक एक भाग गोळा केला. भाग म्हणजे शेअर. कारखान्याच्या भांडवलाचा तो एक तुकडा. ज्याने भाग घेतला तो सभासद झाला, आणि सभासद झाला म्हणजे मालक झाला.

पण शेतकऱ्यांच्या भागांवर सगळा कारखाना उभा राहणे शक्य नव्हते. तेव्हा आणखी दोन ठिकाणांहून पैसा आला. मुंबई सरकारने कारखान्याचे काही भाग स्वतः घेतले. त्या वेळी मुंबई सरकारात अर्थ आणि सहकार ही खाती वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होती. त्यांनी सारे आयुष्य सहकारी बँकेच्या कामात घातले होते. त्यांना ही योजना चटकन उमजली. दुसरे, केंद्र सरकारने १९४८ साली स्थापलेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. म्हणजे भांडवल तीन वाटांनी आले : शेतकऱ्याचा भाग, सरकारचा भाग, आणि कर्ज. पुढे महाराष्ट्रात जे सहकारी कारखाने निघाले, ते बहुतेक याच चालीने निघाले.

नव्या संस्थेचे अध्यक्ष गाडगीळ झाले आणि उपाध्यक्ष विखे पाटील. एक पुण्याचा प्राध्यापक, एक लोणीचा पाटील. ही जोडी आम्हाला फार नामी वाटते. सरकारदरबारी आणि बँकेत बोलायला एक. गावच्या पारावर बोलायला दुसरा. दोघांतला एकच असता तर कारखाना निघाला असता की नाही, याची शंकाच आहे.

१९५०-५१ च्या हंगामात कारखान्याने पहिला ऊस गाळला. रोज सुमारे ५०० टन ऊस गाळण्याची त्याची ताकद होती. आजच्या मानाने हा कारखाना लहान. जागेला पुढे प्रवरानगर हे नाव पडले.

काही लोक याला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणतात. हे तितकेसे बरोबर नाही. आंध्रात एटिकोप्पाका येथे १९३० नंतरच्या वर्षांत असा एक प्रयत्न आधी झालेला होता. महाराष्ट्रात मात्र प्रवरेचाच पहिला. आणि ज्याला पाहून इतरांनी कारखाने काढले, तोही हाच. पहिलेपणाचा मान कोणाला, यापेक्षा ही गोष्ट मोठी नव्हे काय?

हा कारखाना चालतो कसा

आता सावकाश वाचा. इथे थोडे गणित आहे.

कंपनीत ज्याचे भाग जास्त, त्याची मते जास्त. हजार भागवाल्याची हजार मते, एका भागवाल्याचे एक. सहकारी कारखान्यात तसे नाही. भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. पन्नास एकरवाला आणि दोन एकरवाला मतपेटीपाशी सारखे. सभासद मते देऊन संचालक निवडतात. संचालक आपल्यातून अध्यक्ष निवडतात. रोजचा कारभार पाहायला पगारी कार्यकारी संचालक असतो.

सभासद आपल्या उसाची नोंद कारखान्याकडे करतो. कोणत्या गटात किती ऊस, जात कोणती, लावण कधीची, आडसाली की सुरू की खोडवा, हे सगळे नोंदीत असते. ज्याची लावण आधी, त्याच्या उसाला तोड आधी, असा नियम. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. तोड वेळेवर मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. रानात उभा ऊस उशिरा तोडला तर वाळतो. त्याला तुरे येतात. खाजगी मालकाच्या दारी शेतकरी तोडीसाठी विनवण्या करी. आपल्या कारखान्यात त्याचा हक्क आहे. निदान असायला हवा.

ऊस कारखान्यात आला की काट्यावर जातो. आधी भरलेल्या गाडीचे वजन. मग ऊस उतरवून रिकाम्या गाडीचे वजन. पहिल्यातून दुसरे वजा केले की उसाचे वजन निघाले.

मग येतो उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो उतारा. उतारा १० टक्के म्हणजे शंभर किलोतून दहा किलो. एक टन म्हणजे हजार किलो ऊस. त्यातून १०० किलो साखर. उतारा ११ टक्के असेल तर ११० किलो. फरक दहाच किलोचा दिसतो. पण साखर ३६ रुपये किलोने विकली असे समजा. दहा किलोचे ३६० रुपये झाले. एका टनामागे ३६०! ज्याचा चाळीस टन ऊस त्याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून शिळा ऊस, कोवळा ऊस, पाचट लागलेला ऊस कारखान्यात आला, की नुकसान साऱ्यांचे होते.

आता खरी मख्खी कुठे आहे ते पाहू. साखर विकली. मळी विकली. त्यातून कामगारांचा पगार गेला, दुरुस्ती गेली, कर्जाचे व्याज गेले. जे उरले ते कोणाचे? कंपनीत ते भागवाल्यांचे. ज्याचे भाग जास्त त्याला जास्त. ऊसवाल्याला उसाचा भाव दिला, की त्याचा संबंध संपला. सहकारी कारखान्यात भागावरचा नफा थोडाच देतात. त्याला कायद्याने मर्यादा घातली आहे. उरलेला पैसा उसाच्या भावात मिळवून देतात. म्हणजे ज्याने जास्त ऊस घातला, त्याला जास्त. त्यामुळे भाव हप्त्यांनी मिळतो. पहिला हप्ता ऊस गेल्यावर. पुढचा हप्ता साखर विकत जाईल तसा. कारखाना चांगला चालला तर दिवाळीला आणखी थोडे.

आजच्या काळात एक आणखी गोष्ट आहे. केंद्र सरकार दर हंगामाला उसाचा किमान भाव ठरवून देते. त्याला एफआरपी म्हणतात. ही पद्धत २००९ पासून आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी हा भाव १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरला. महाराष्ट्रात त्यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कापून घेतात. हा भाव खाजगी आणि सहकारी दोघांनाही द्यावाच लागतो. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असा १९६६ च्या सरकारी आदेशाचा नियम आहे. नियम आहे एवढे खरे. तो नेहमी पाळला जातो, असे म्हणण्याची आमची छाती नाही.

कारखाना वाढला कसा

वाढायला पैसा लागतो. तो कुठून आला? पुष्कळसा उसाच्या बिलातून. टनामागे काही रुपये कापायचे आणि सभासदाच्या नावावर ठेव म्हणून जमा करायचे. काही ठेव परतीची, काही बिनपरतीची. या ठेवींतून सहकारी कारखान्यांनी नवी यंत्रे घेतली, आणि गाळपाची ताकद वाढवली. हे कपात प्रकरण सभासदाला नेहमीच बोचते. सभेत सगळ्यांत जास्त आवाज चढतो तो याच विषयावर. तो चढावा हेच बरे. आपल्या खिशातला पैसा जातो कुठे, ते विचारायला नको का?

उसाचे काही वाया जात नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. रस काढल्यावर जो भुसा उरतो, तो भट्टीत जाळून वाफ करतात. आता त्यावर वीजही करतात. मळीपासून मद्यार्क होतो. उरलेला गाळ रानात खताला जातो. वाढे गुरांना.

१९६१ सालच्या १५ मे रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू प्रवरानगरला आले. त्याच वर्षी भारत सरकारने विखे पाटलांना पद्मश्री दिली. कारखान्याचे अध्यक्षपदही पुढे त्यांच्याकडे आले. गाडगीळ १९६७ साली दिल्लीला नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. ते १९७१ साली वारले. विखे पाटील १९८० साली गेले. आज कारखान्याला त्यांचेच नाव आहे.

कारखाना आला, की भोवती बाकीचे आले. रस्ते झाले. १९६४ साली प्रवरेला शिक्षण संस्था निघाली. पुढे लोणीला मोठे रुग्णालय झाले. ज्या गावातल्या पोराला शाळेसाठी नगरला जावे लागे, त्या गावाजवळ इंजिनियर आणि डॉक्टर तयार होऊ लागले.

प्रवरेचे पाहून इतरांनी कंबर कसली. कोपरगाव, सांगली, अकलूज, इचलकरंजी, वारणा, अशी ठिकठिकाणी शेतकऱ्यांची कारखानदारी उभी राहिली. आणि त्या जुन्या कंपन्यांच्या खंडाच्या जमिनी? १९६१ सालच्या जमीनधारणेच्या कायद्याने सरकारने त्या ताब्यात घेतल्या, आणि १९६३ साली त्यांसाठी शेती महामंडळ काढले. मूळ मालकांच्या वारसांचा लढा मात्र नंतर कितीतरी वर्षे चालला.

दुसरी बाजू

इतके सांगून थांबलो तर ती निम्मी हकीकत होईल.

२०२३-२४ च्या हंगामात महाराष्ट्रात दोनशेवर साखर कारखान्यांनी ऊस गाळला. त्यांतले सुमारे निम्मे खाजगी होते. सहकाराच्या या माहेरघरी असे का झाले? बरेच सहकारी कारखाने कर्जात बुडाले. काही बंद पडले. काही विकले गेले, आणि विकत घेणारे खाजगी मालक होते. शेतकऱ्यांनी भाग घालून उभा केलेला कारखाना लिलावात गेला, की सभासदाच्या हातात उरतो एक जुना कागद.

कारखाने बुडाले त्याची कारणे सगळीकडे एक नाहीत. कुठे पाऊस पडला नाही, ऊसच नव्हता. कुठे साखरेचा भाव पडला. पण कित्येक ठिकाणी कारण घरातलेच होते. उसाची बेरीज न करता कारखाना मोठा केला. गरज नसता नोकर भरले. निवडणुकीच्या राजकारणासाठी कारखान्याचा पैसा वापरला. नव्या शेतकऱ्याला सभासद करायचे टाळले, कारण तो मत कोणाला देईल याची खात्री नव्हती. एका सभासदाला एक मत हे खरे. पण सभासद कोणाला करायचे, हे ज्यांच्या हाती, त्यांच्या हाती पुष्कळ काही जाते.

आणखी दोन गोष्टी. ऊस तोडणारी माणसे बीडसारख्या दुष्काळी भागांतून येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. सहा महिने पालात राहतात. कारखाना त्यांच्या घामावर चालतो, पण ते त्याचे सभासद नसतात. १९४५ साली बेलापूरला जो विचार झाला, त्यात त्यांना जागा नव्हती. ती अजूनही नीट झालेली नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. ऊस फार पाणी पितो. वरच्या गावाने पाटाचे सगळे पाणी उसाला घातले, की खालच्या गावाच्या ज्वारीलाही उरत नाही. आता ठिबकने पाणी कमी लागते. पण ते सगळ्यांनी अजून केलेले नाही.

पावती आणि अहवाल

तुम्ही जर ऊस घालत असाल, तर काट्यावर मिळालेली पावती घरी आणा. दिव्याखाली बसून ती वाचा. आता तुम्हाला वाचता येते. तीवर तुमचे नाव असेल. गट नंबर, उसाची जात, तारीख. को ८६०३२ असे काही लिहिले असेल, ते जातीचे नाव. मग भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, आणि उसाचे वजन. काही वजावट धरली असेल तर तीही. वजाबाकी स्वतः करून पाहा. पावत्या दोऱ्यात ओवून ठेवा. बिल आले की सगळ्या पावत्यांची बेरीज बिलाशी ताडून पाहा.

दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत संस्थेची वार्षिक सभा होते. तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. तिच्याबरोबर छापील अहवाल असतो. अहवालात फोटो पुष्कळ असतात. ते नंतर पाहा. आधी मागची पाने उघडा. ऊस किती गाळला, उतारा किती पडला, कर्ज गेल्या वर्षी किती होते आणि यंदा किती आहे, उसाच्या बिलाची बाकी किती राहिली, एवढ्या चार ओळी शोधा. दोन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात, त्यामुळे चढउतार लगेच दिसतो. एखादा आकडा कळला नाही तर सभेत विचारता येते. प्रश्न किती दिवस आधी लेखी द्यायचा, ते नोटिशीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते. कागदावर दोन ओळी लिहा, खाली सही करा, आणि कारखान्याच्या कचेरीत देताना दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्या.